चिंचोक्यांची मूठ

पणजी,
११ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस,
दिपालीचा साष्टांग नमस्कार. आईच्या गुडघ्यांची सूज आणि तुमचा राग, दोन्ही आता जरा उतरली असतील. तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पत्र.

मी जिंकले, बाबा. इथल्या मोठ्या पोकर स्पर्धेत पहिली आले. "पत्त्यांवर प्वाट भरनारी पोर माझी न्हाय," असं म्हणून तुम्ही बोलणं टाकलंत, त्याला दोन वर्षं झाली. म्हणूनच कशी जिंकले ते आधी तुम्हाला सांगायचंय.

या खेळात किती लावायचं याला बंधन नाही, म्हणून लावण्यावरूनच समोरचा तुमचे पत्ते ओळखतो. दिवसभर मी पत्ता चांगला असो की भिकार, मध्ये जमलेल्याच्या निम्मंच लावत राहिले. कोणाला काही कळेना. शेवटी उरलो मी आणि मुंबईचा कमलेश. माझ्या हातात दोन नव्व्या, मधल्या उघड्या पत्त्यांत तिसरी नव्वी आणि दोन राजे, म्हणजे जवळजवळ न हरणारा डाव. अशा वेळी थोडंच लावायचं, म्हणजे समोरचा पत्ते टाकून उठत नाही, असं सगळे शिकवतात.

तेवढ्यात आपल्या गावची, थळची, गौरीच्या जागरणाची पत्त्यांची चटई आठवली. पत्ता लागला की तुम्हाला दम निघत नाही, चिंचोक्यांची अख्खी मूठ ओतता. विनेशकाका म्हणतात, "बुधाजीला लागलं रं, टाका पत्तं." सगळे उठतात, तुमच्या पदरात चार चिंचोके. किती हसायचो आम्ही.

पण कमलेश कुठे थळचा? त्याच्या पोकरवाल्यांत खरा पत्ता असलेला दबकत लावतो आणि मोठं लावतो तो थापाड्या. मी तुमच्यासारखं ओतलं. मधल्याच्या दुप्पट, त्याचं होतं नव्हतं ते सगळं पणाला लागेल इतकं.  तो म्हणाला, "घाबरवतेस मला," आणि सगळं पुढे सरकवलं. त्याच्याकडे नुसत्या दोन राण्या होत्या, माझ्या डावापुढे त्या कमीच.

मी खुर्चीवरून उठून नाचले, बाबा. लाज सोडून. तुमची सवय जिंकली होती.

गणपतीत इथे काम आहे असं आईला कळवलंय. काम काही नाही. न बोलावता यायचं नाही, हा हट्टही तुमच्याकडूनच आलाय. यंदा गौरीला चटईवर माझी जागा धराल? तुमच्या फोनवरून नको असेल तर शेजारच्या परेशदादाच्या फोनवरून नुसतं "ये" म्हणा.

माझ्याकडचं सगळं लावलंय. आता तुम्ही उठू नका.

तुमचीच पोर,
दिपाली