उभ्यानं घेतलेलं माप

१२ डिसेंबर

अण्णा,

पाया पडतो. मी बरा आहे, तुम्ही आणि आई बरे असाल असं धरून चालतो. अक्षर वाकडं दिसेल, थंडीनं बोटं वळत नाहीत. तसंही सातवीत शाळा सोडलेल्याचं अक्षर सरळ कधी होतं?

तुमचं पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा डोकं फिरलं. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही नुसतं 'हं' म्हणता आणि आईच्या हातात देता. कागद निदान शेवटपर्यंत वाचावा तरी लागतो.

तुम्ही लिहिलंय, इकडे कामाला येणारे आठ जण दुकानात आले आणि मला शिवून दिलात तसाच कोट शिवायला टाकून गेले. तेही माझ्यासारखे सायकलवरून पार्सलं वाटणार, फेब्रुवारीत निघणार. तुम्ही कापड आणलंत, खडू मारायला घेतलात. अण्णा, कात्री लावू नका. हे वाचताना हातात कात्री असेल तर आधी ती खाली ठेवा.

तो कोट चांगला नाही.

आला ना राग? येऊ दे. मला रोज येतो. उभ्या माणसाला तो कोट चांगला आहे. फाटकावरच्या वॉचमनला द्या, दुवा देईल. पण मी उभा नसतो. दिवसाचे नऊ तास हँडलवर ओणवा असतो. माझं माप कसं घेतलंत आठवा. 'सरळ उभा राहा, हलू नकोस माकडा.' मी जन्मात एकदाच हललो नाही आणि तिथंच घात झाला. ओणवं झालं की पाठ वर सरकते आणि कमरेला वीतभर उघडं पडतं. बाह्या मनगट सोडून मागे पळतात. पुढची बटणं फाकतात आणि दोन बटणांच्या मधून वारा सरळ छातीत.

आणि तो आतला कापूस! पहिल्या चढावरच घाम फुटतो. कापूस तो पितो आणि सोडत नाही. मग उतार लागतो. ओल्या गोधडीत गुंडाळून पंख्यासमोर बसवल्यासारखं होतं.

आमच्या गोदामात एक जुना सायकलवाला आहे. त्याला सगळे कांदा म्हणतात, कारण कुणी विचारो न विचारो, तो सांगतो, 'कांद्यासारखे कपडे घाल, पातळ पातळ, एकावर एक.' अंगालगत लोकरीचं पातळ बनियन, सुती अजिबात नाही. त्यावर हलका स्वेटर. सगळ्यात वर वारा अडवणारं जाकीट, पुढून घट्ट आणि पाठीला हवा खेळेल असं. 'निघताना जरा कुडकुडलास तर बरोबर घातलंस,' म्हणतो. 'दारातच ऊब आली तर जास्त झालं, काढ एक.' पहिल्या दिवशी माझा कोट बघून म्हणाला, 'काय रे, गादी घेऊन आलास? उशी कुठंय?' सगळे खो खो हसले. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. चौघांनी धरलं.

तुम्ही कोटातला फोटो मागितलाय, दुकानात लावायला. कोट धुवायला टाकलाय. बघू.

कात्री तेवढी लावू नका. दुसरं काही मागत नाही.

तुमचा,
मशीनवर न टिकलेला

३ जानेवारी

अण्णा,

उत्तर मिळालं. एका ओळीचं. 'कोटात दोष नाही, चालवणाऱ्यात आहे. पाच कापून झाले.' खाली सही आणि सहीवर दुकानाचा शिक्का. पोटच्या पोराला शिक्का मारून पत्र पाठवणारा बाप जगात दुसरा नसेल.

ठीक आहे. मग सगळं ऐका. आई जवळ असेल तर तिला आत जाऊ द्या, मग पुढे वाचा.

कोट धुवायला टाकलेला नाही. कोटच राहिला नाही आता.

पाच डिसेंबरची सकाळ. चौकात वळायचं होतं. वळायच्या आधी मागे बघावं लागतं, हे तर मशीनवर बसणाऱ्यालाही कळतं. मी मान फिरवली. मान फिरली, टोपडं नाही फिरलं. ते तुम्ही कोटालाच जोडलंत, कापूस भरून, कान झाकतील असं. मला मागचा रस्ता दिसलाच नाही. अस्तर दिसलं. निळं अस्तर आणि त्यावरचे तुमचे बारीक टाके. ऐकूही काही आलं नाही. वाटलं, मोकळं आहे. मागून व्हॅन येत होती. तिचा वेग कमी होता म्हणून हे लिहायला मी आहे. उजव्या खांद्यावर आपटलो. गळ्याजवळचं हाड मोडलं. मागचं पत्र डाव्या हातानं लिहिलं होतं. थंडीबिंडी काही नाही.

दवाखान्यात हात वर होईना, कोट निघेना. नर्सबाईंनी कात्री घेतली आणि लावली ती सरळ बाहीच्या मधोमध. अण्णा, मी बोंबललो. त्या म्हणाल्या, 'झालंच हं, थोडंसं दुखेल.' मी म्हटलं, 'दुखत नाही हो! शिवणीवरून कापा! शिवणीवरून उसवलंत तर परत जोडता येईल!' त्या पलीकडच्या डॉक्टरांना म्हणाल्या, 'याच्या डोक्याला पण मार लागलाय का बघा जरा.'

पाच मिनिटांत चिंध्या झाल्या. त्या मी मागून घेतल्या. खाटेखाली पिशवीत आहेत. बाही जोडलेली मुंढ्याची शिवण अजून धड आहे. कुणाच्या बापाला तशी जमणार नाही.

आता राग कुणाचा ते सांगतो. तुमचा तर आहेच. पण तो कोट चालणार नाही हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तेव्हा तुम्ही आईकरवी फोनवर विचारलंत, 'कोट कसा आहे म्हणावं?' मी म्हणालो, 'एक नंबर.' मागून तुमचा आवाज आला, 'बघ! म्हटलं नव्हतं?' त्या आवाजात तुम्ही माझ्याबद्दल किती वर्षांनी बोललात. सोळाव्या वर्षी भरल्या दुकानात मला मशीनवरून उठवलंत. 'याच्या ढुंगणाला चाकं आहेत, हा काय शिवणार?' गिऱ्हाइकं हसली. त्यानंतर तुम्ही माझ्यासाठी शिवलेली पहिली वस्तू तो कोट. मी कुठल्या तोंडानं सांगणार होतो की त्यात माझी पाठ उघडी पडते?

सहा आठवडे हट्टानं घातला. ओला झाला तरी घातला. कांद्यानं स्वतःचं जुनं जाकीट आणून दिलं, ते मी त्याच्या तोंडावर फेकलं. म्हटलं, माझ्या बापानं शिवलेलं आहे हे, तोंड सांभाळ.

आणि माझ्या त्या 'एक नंबर'वर तुम्ही आठ कोट शिवायला घेतलेत. थाप मी मारली आणि ती आठ जणांच्या अंगावर चढणार. मी मोडलो ते माझ्या कर्मानं. त्यांनी काय केलंय? त्यांच्या मागे येणारी व्हॅन हळूच येईल असं लिहून दिलंय का कुणी?

कापलेले पाच बाजूला ठेवा. एकेकाला बोलवा, सायकलवर बसवा, दोन्ही हात हँडलवर ठेवायला लावा आणि मग टेप लावा. टोपडं उडवा, त्याऐवजी कानापुरती विणलेली टोपी सांगा. कापूस नको. पुढा वारा अडवणाऱ्या कापडाचा, पाठ पातळ आणि मागून लांब. बटणांऐवजी चेन.

हे केलं नाहीत तर मी त्या आठही जणांना पत्र टाकणार की कोट घेऊ नका, आणि का घेऊ नका तेही लिहिणार. दुकानाचं नाव जाईल. जाऊ दे. तीस वर्षांचं नाव आहे, मला माहीत आहे. तरी जाऊ दे.

या वेळी शिक्का मारू नका.

मुलगा

२८ जानेवारी

अण्णा,

पाया पडतो. गळ्यातली झोळी निघाली. हे उजव्या हातानं लिहितोय.

आईचा फोन आला होता. तुम्ही सांगितलं नाहीत, तिनं सांगितलं. माझं पत्र वाचून तुम्ही दोन दिवस दुकान उघडलं नाहीत. तिसऱ्या दिवशी दूधवाल्याची सायकल मागून आणलीत, दुकानात भिंतीला टेकवलीत आणि स्वतःच वर चढलात. आईच्या हातात टेप दिलीत. आई म्हणाली, 'अरे, पाय पुरेनात यांचे! मी सायकल धरू, टेप धरू की यांना धरू?' मी हसलो. हसलं की खांद्यात कळ येते. कळ आली तसा तुमचा राग परत आला.

तुम्ही वरून ओरडत होतात म्हणे, 'पाठीचं बोल, पाठीचं! किती आलं?' आईनं सांगितलं, उभ्यापेक्षा साडेतीन इंच जास्त. तरी तुम्ही उतरला नाहीत. तसेच ओणवे बसून राहिलात. आई चहा घेऊन आली तरी वरच.

आठही जण येऊन नवीन माप देऊन गेले, हेही तिनं सांगितलं. कापलेल्या पाचांचं कापड तुम्ही अस्तराला वळतं केलंत. आणि त्या सगळ्यांसमोर म्हणालात, 'आधीचं माप माझं चुकलं होतं.' यावर माझा विश्वास बसला नाही. आईला तीनदा विचारलं. ती म्हणाली, 'खरंच म्हणाले रे. मान खाली घालून नाही, चांगलं त्यांच्याकडे बघून म्हणाले.'

राग गेला नाही अण्णा. खोटं लिहीत नाही. एक ओळ तुम्ही स्वतः लिहिली असतीत, तर कदाचित गेला असता. आई म्हणते, ये परत, दुकानात बस, आता ते काही बोलणार नाहीत. मी येणार नाही. बसणं मला जमत नाही, त्यात तुमची चूक नव्हती. सोमवारपासून परत रस्त्यावर. कांद्याकडे गेलो, पाय धरायचेच बाकी ठेवले, जाकीट मागितलं. त्यानं मला दिवसभर शिव्या घातल्या आणि संध्याकाळी जाकीट दिलं.

तुम्ही माझं माप मागवलंय असं आई म्हणाली. फोनवर तुम्ही तिच्या मागेच उभे होतात, मला श्वास ऐकू येत होता. तरी मागितलं तिनंच. असो. माप कांद्यानं घेतलंय. मी सायकलवर, हात हँडलवर. पाठ सव्वातीस, बाही सव्वीस, छाती छत्तीस. मनगट सैल नको.

एक गोष्ट आईला सांगू नका. हाड जुळलं, पण एकावर एक चढून जुळलं. डॉक्टर म्हणतात, आता हे असंच राहणार. उजवा खांदा डाव्यापेक्षा पाऊण इंच खाली आहे. कापताना तेवढा उतार धरा. पॅड घालून दोन्ही सारखे करू नका.

तुमचा,
मुलगा