येसरावर आलेला आळ

मुक्काम उमरी, कार्तिक वद्य

आमचे मेहुणे दत्तोपंत यांना रेणुकादासचा दोन्ही हात जोडून नमस्कार (डावा हातही आता जोडता येतो, म्हणून मुद्दाम लिहिलं). इकडे सर्व खुशाल असं लिहायची रीत आहे, तेव्हा ते आधी लिहून टाकतो आणि मग खरं काय ते सांगतो. सासूबाईंची प्रकृती कशी आहे? लातुरात तुमच्या गल्लीत उंदीर मरून पडू लागले हे वाचल्यापासून तुमची बहीण घरात एका जागी बसत नाही, आणि ती बसत नाही म्हणून मलाही बसवत नाही. एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून माळ्यावर पाहून आलो. उंदीर नव्हता. मांजर होतं, तेही माझ्यासारखंच बेचैन.

प्लेगाच्या भीतीने निम्मी उमरी रानात झोपड्या बांधून राहिली आहे. अशात नांदेडहून डॉक्टर लस टोचायला आले, तर उरलेली निम्मी बाजेखाली शिरली. सुई घेतली की माणूस तिसऱ्या दिवशी जातो, अशी आवई देगलूरच्या बाजारातून आली होती. तहसीलदारसाहेबांनी हुकूम काढला, की कचेरीतल्या एकाने चावडीपुढे सगळ्यांदेखत टोचून घ्यावं. हुकूम निघताच आमच्या सगळ्या कारकुनांना एकाएकी सुतक आलं. उरलो मी, माझे नातेवाईक तेवढे चिवट. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की दोन दिवस ताप येईल, दंड सुजेल, मग सगळं उतरेल. साहेब म्हणाले, हे लोकांना सांगायचं नाही, बिचकतील. तेव्हा मी दंड पुढे करून भर चावडीत जाहीर केलं, की मुंगी चावल्याइतकंही होत नाही.

संध्याकाळी असा ताप भरला, की अंगावर ज्वारी टाकली असती तर लाह्या फुटल्या असत्या. सदऱ्याची बाही कात्रीने उसवावी लागली. एरवी आजारी माणूस निवांत पडतो. पण आपल्याकडे समाचाराला येण्याची पद्धत, त्यातून मी सरकारी हुकमाने आजारी, त्यामुळे रानातल्या झोपड्यांतूनसुद्धा माणसं आली. मी भिंतीला टेकून, दात आवळून हसत बसलो (एकदाही कण्हलो नाही, हे लक्षात ठेवा). सगळ्यांत पुढे आमच्याकडे दूध घालणारी केवळाबाई. ती म्हणाली, "काईच व्हत न्हाई म्हणलात, मंग फणफणून का राहिलात?" माझ्या तोंडून निघून गेलं, की काल रात्री येसराची आमटी जास्त झाली, तीच बाधली.

आता हा येसर कोणाचा, हे तुम्हांला सांगायला नको. सासूबाई दरसाल डाळी, गहू, मसाले भाजून, स्वतः कुटून लातूरहून पाठवतात तोच. आणि त्यांची लेक सौदामिनी दाराआड उभी होती.

सकाळी तिने मोठं पातेलंभर तीच आमटी केली, गल्लीतल्या बायकांना बोलावून भाकरीबरोबर वाढली आणि स्वतःही जेवली. दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी ठणठणीत, विहिरीवर हजर. आमटी निर्दोष सुटली आणि सुई पकडली गेली. कारकून एवढ्याशा तापाचं खोटं सांगतो, तर मोठं काय काय लपवत असेल, असं गावाने धरलं, आणि त्यात मला चूक काढता येईना. डॉक्टर चावडीत एकटेच माशा मारत बसले. त्याच आठवड्यात वेशीजवळच्या भुजंग सुताराच्या काखेत गाठ आली. तो गेला. मी खरं सांगितलं असतं तर त्याने सुई घेतली असती की नाही, कोण जाणे; पण हे मनातून जात नाही.

मग सौदामिनीच बायकांना घेऊन चावडीवर गेली. डॉक्टरांना म्हणाली, काय काय होणार ते आधी सगळ्यांपुढे मोठ्याने सांगा, मग टोचा. त्यांनी सांगितलं, तिने टोचून घेतलं आणि घरी येऊन ओट्यावर बाज टाकून पडली. बायका येऊन पाहून जात होत्या. ताप आला, सांगितल्याप्रमाणे. दंड सुजला, सांगितल्याप्रमाणे. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि ही जात्यावर बसली. केवळाबाई म्हणाली, "बाई बोलल्या तसंच झालं. चला गं, आता भ्याव कशाचं?" आणि पदर खोचून चावडीकडे निघाली. तिच्यामागे एवढी माणसं लागली, की दुपारी लस संपली आणि नांदेडला तार करावी लागली. साहेबांनी माझी पाठ थोपटली. घरी ते सांगायची हिंमत झाली नाही.

घरातल्या मोठ्यांच्या पाया पडतो, लहानांच्या पाठीवरून उजवा हात फिरवतो.

तुमचा,
रेणुकादास

ता. क. खरं काम राहिलंच. लातूरच्या बाजाराला जाणाऱ्या सिद्रामप्पा आडत्याने आमटीची बातमी तिकडे आधीच पोचवली आहे. ज्या तोंडाने माझ्या येसराला नावं ठेवली, त्या तोंडाने सांगितलेली सुई मी घेणार नाही, असं सासूबाई म्हणतात म्हणे. येत्या सोमवारी तुमच्याकडेही लस येणार आहे. हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. माझी नाचक्की जिथे जिथे आहे, तिथे सावकाश वाचा.

पुन्हा ता. क. दादा, मी सौदामिनी. कण्हलो नाही असं ह्यांनी लिहिलंय. दोन्ही रात्री इतके कण्हत होते, की मांजर माळ्यावर राहायला गेलं ते अजून उतरलं नाही. आईला खरं सांग, की ताप येतो, दंड ठणकतो. मलाही लई भीती वाटली होती, आणि तापात तीच आठवत होती. घरातला येसर संपलाय. पण तिच्या दंडाची सूज उतरल्याशिवाय तिला कुटायला बसू देऊ नकोस.