न दिसणारा खिसा

आप्पा, यंदा ओतूरच्या कॉलेजच्या गॅदरिंगला पोरांनी आपल्या दुकानात शिवलेले शर्ट घातले. काल कॉलेजचे शिपाई मुद्दाम येऊन सांगून गेले, "ताई, स्टेजवर निम्मी पोरं तुमच्याच शर्टात व्हती. मी दारात उभा राहून बघितलं." जाता जाता स्वतःचंही माप देऊन गेले.

तुम्ही गेलात तेव्हा एसटी स्टँडसमोर रेडिमेडची दुकानं झाली होती आणि आपल्याकडे गणवेश आणि म्हाताऱ्यांचे पायजमे तेवढे उरले होते. दुकान बंद होणार असं सगळे धरून चालले होते, कारण मला कापता येत नाही, असा सगळ्यांचा समज. तो तुमच्यामुळेच. मी दहावीत होते. चौकडीच्या शर्टाचा खिसा मी चौकडी न जुळवताच कापला आणि लावूनही टाकला. तुम्ही तो गिऱ्हाइकासमोर उसवताय, एकेक टाका, मान वर न करता. "खिसा दिसला म्हंजी टेलर चुकला. तू आपली काज-बटनं कर. कात्री पोरींचं काम न्हाई." पुढे तुम्ही होतात तोवर मी काज-बटणंच केली.

मग धाकटी नवऱ्याच्या नोकरीपायी इंडोनेशियाला गेली. तिथल्या सूतगिरणीत ते आहेत. तिने मेलवर तिथल्या कॉलेजच्या पोरांचे फोटो पाठवले. मी सायबर कॅफेत बसलेय, मोबाइलवर ती बोलतेय. "ताई, हितली पोरं आज्याच्या बाटिकचं शर्ट शिवून घेत्यात, अंगाबरोबर, अन् जीनवर घालून फटफटीवर हिंडत्यात. लाजत नाय, मिरवत्यात. आता मधल्या पोराचा खिसा शोध." मी फोटो मोठा केला. नक्षीतली वेल छातीवरून सरळ गेली होती, कुठेही तुटली नव्हती. खिसा सापडायला मला बराच वेळ लागला. इतक्या लांब, समुद्रापलीकडे, तुमच्यासारखाच कुणीतरी हट्टी टेलर बसला होता आणि तरणी पोरं त्याच्याकडे रांग लावत होती.

घरी आले, आईचं चौकडीचं जुनं लुगडं काढलं आणि तुमची कात्री घेतली. पहिला शर्ट कॉलेजातल्या एका नाचणाऱ्या पोराचा. अंगात घालून तो आरशासमोर उभा राहिला. "ताई, खिसा विसरलात."

"छातीवर हात ठेव."

त्याने ठेवला, बोटं आत गेली. "आयला, लई भारी राव," म्हणाला आणि तसाच बाहेर पळाला. दुसऱ्या दिवशी तिघं आले, प्रत्येकाच्या पिशवीत आजीचं लुगडं.

आता एक सांगायचं राहिलंय. लेण्याद्रीला जाताना तुम्ही घालायचात तो निळ्या चौकडीचा शर्ट आठवतो? त्याचा खिसा कापायचा ठेवून तुम्ही येडगावला लग्नाला गेला होतात. मी कापला आणि बाकीच्या तुकड्यांत ठेवला. आल्यावर तुम्ही तो आपलाच समजून लावलात आणि पुढे कितीतरी वर्षं गिऱ्हाइकांना दाखवलात, "हे बघा, याला म्हनत्यात हात." मी काज करत राहिले.

तो शर्ट दुकानात नमुना म्हणून टांगलाय. उद्या कॉलेजच्या मुली माप द्यायला यायच्या आहेत, त्यांनाही तसेच शर्ट हवेत. याचा खिसा कुणी कापलाय, असं त्या विचारतील. त्यांना मी खरं सांगणार आहे. तुम्हाला सांगायचा धीर अजून नाही, म्हणून हा कागद तुमच्या कात्रीखाली ठेवतेय.