सोमवारी तरुण होणारी खसखस

कोलकाता,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

जेठू, तुमच्या आणि जेठीमांच्या चरणी प्रणाम.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? जेठीमांचा खोकला? मी बरी आहे, वजनही वाढलंय (कारण पुढे येईलच). आधी मागच्या पत्रातली चूक. दुसऱ्या पानावर मी लिहिलं होतं की खसखशीचे दाणे रविवारी विश्रांती घेतात आणि सोमवारी पुन्हा तरुण होतात. ते वाक्य खोटं आहे. कृपा करून त्यावर एक आडवी रेघ मारा. (खोडरबर नको. चुकलेला आकडा खोडायचा, पण दिसू द्यायचा, हे चंदननगरच्या ओसरीवर मला शाळेच्याही आधी बाबांच्या थोरल्या भावाने, म्हणजे तुम्हीच, शिकवलं.)

घडलं असं. आमच्या प्रयोगात काचेचं नळकांडं खसखशीने अर्धं भरून आडवं ठेवतात आणि सावकाश फिरवतात. आतला ढीग चढत जातो आणि एका ठरावीक उताराला घसरतो. तो उतार मोजायचा, एवढंच माझं आयुष्य. दाणे एकमेकांवर घासून गुळगुळीत होतात, म्हणून उतार रोज थोडा कमी भरतो: सोमवारी चौतीस अंश, शनिवारी साडेबत्तीस. इथवर सगळं शहाण्यासारखं. पण पुढच्या सोमवारी पुन्हा चौतीस! असे सात आठवडे. मी हवेतला दमटपणा तपासला, मोटार बदलली, दोन उपास केले (वहीत नोंद आहे). शेवटी माझे मार्गदर्शक अनिमेषदा खुर्चीतून उठलेच. म्हणाले, "अगं, ही दाण्यांची स्मृती आहे!" येत्या गुरुवारी चेन्नईच्या परिषदेत ते याच स्मृतीवर बोलणार आहेत.

आता नंददा. ते आमच्या कार्यशाळेतले हंगामी मिस्त्री. शनिवारी यंत्र बंद करून पुसून ठेवणं त्यांच्याकडे. दर सोमवारी ते डब्यातून आलू-पोस्तो, म्हणजे वाटलेल्या खसखशीतला बटाटा, आणतात आणि अर्धा मला देतात. दाणे तरुण कसे होतात यावर डोकं खाजवत मी तो बोटं चाटून खाते. या सोमवारी सहज विचारलं, खसखस कुठल्या दुकानातली?

"दुकान कसलं, दिदिमणी? तुमच्याच नळकांड्यातली."

माझा घास तिथेच राहिला. ते मात्र कौतुकाने सांगत होते, "आठवडाभर फिरून अशी होते की पाट्यावर नुसतं लोणी! बायकोचं मनगट दुखतं हो. आणि तुमचं नुकसान नाही. तेवढीच ताजी भरून ठेवतो, तुमच्याच काट्यावर तोलून. एक ग्रॅम कमी निघाला तर नाव बदलीन."

जेठू, निघाला नाही. म्हणूनच तर मला शंका आली नाही! चोर असता तर पहिल्याच सोमवारी सापडला असता. मला प्रामाणिक माणसाने बुडवलं.

अनिमेषदांना सांगायलाच हवं, नाहीतर ते भर सभेत माझ्या जेवणावर व्याख्यान देतील. पण सांगितलं तर नंददांचं काम जाईल. म्हणून दोष मी माझ्याकडे घेणार आहे: नळकांड्याला मोहर लावणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. (ही थाप नाही, नियमावली दोनदा वाचली.) नंददा म्हणतात, "खुशाल माझं नाव घ्या. फक्त साहेबांनीही दोनदा वाटी पुढे केली होती, तेवढं सांगा." हे मी सांगणार नाही. फारच ओरडले तर सांगेन.

तुमची,
बुनी

ता. क. वाचनालयात माझा सत्कार ठरवलाय तो रद्द करा. हार सांगून झाला असेल तर ग्रंथपालांना घाला, त्यांना कधीच कुणी घालत नाही.

ता. क. वर "या सोमवारी" लिहिलं, तेही खोडा. नंददांनी सांगितलं त्याला येत्या सोमवारी दोन आठवडे होतील. मधल्या सोमवारी, सगळं ठाऊक असताना, मी उतार मोजला, चौतीस लिहिले आणि डबा संपवला.

ता. क. खरी विनंती ही. अनिमेषदा तुमच्या शाळेत शिकलेले, अजून तुमच्यासमोर त्यांचा आवाज चढत नाही. तुम्ही या आणि त्यांच्या खोलीच्या दारात नुसते बसा. बोलू नका. त्यांना नंददांवर ओरडता येऊ नये आणि मला परत फिरता येऊ नये, एवढ्यासाठी. मी सांगणार आहे बुधवारी, १९ नोव्हेंबरला, सकाळी अकरा वाजता.