दुसऱ्याच्या हाकेला ओ

६ सप्टेंबर १९४१

पोहोचलो एकदाचा! चालून चालून पायांचे तुकडे पडले, पण आल्या आल्या गरम भात आणि मिरचीत परतलेला भोपळा पुढ्यात आला, तेव्हा वाटलं, लढाई गेली खड्ड्यात, इथे जेवण झकास आहे. थोरल्या भावाच्या जागी मी भरती झालोय. त्याला बायको आहे, पोरं आहेत. माझ्यामागे काय, एक टोफूचं जातं! निघताना आई रडली नाही. लढाई संपली की मी दारातून हाक मारीन, तेव्हा लगेच ये, एवढंच म्हणाली.

नदीच्या पलीकडे जपानी. अलीकडे टेकडी, तिच्यावर आमचे खंदक, आणि खाली पिकायला आलेलं भात. इतकं सुंदर पीक सोडून कोण कशाला लढतं, देव जाणे.

हवालदार लेईंनी मला नवं नाव दिलं. इथे माणूस मेला तरी वर कळवत नाहीत, कळवलं की त्याच्या वाट्याचा तांदूळ बंद होतो. म्हणून नवा येतो तो मेलेल्याचं नाव घेतो आणि पलटण कागदावर आहे तेवढीच राहते. आजपासून मी शेन युहो. माझं खरं नाव त्यांनी विचारलंसुद्धा नाही. मी म्हटलं, फुकट मिळतंय तर नाही कशाला म्हणा. सगळे हसले, एक थोरला पेंग सोडून. हा पेंग माझ्याच तालुक्यातला सुतार, खंदकात माझा जोडीदार. त्याला एकट्याला माझं खरं नाव सांगितलं : तान लियांगफू.

७ सप्टेंबर

काल पितरांची पौर्णिमा होती. गावात घरोघरी मेलेल्यांसाठी कागदी पैसे जाळले. पाणचक्कीत राहणाऱ्या एका म्हातारीने मात्र काही जाळलं नाही. जाळलं म्हणजे पोरगा मेला असं आपल्याच हाताने कबूल केल्यासारखं होतं, म्हणते. हा पोरगा म्हणजेच शेन युहो. वसंतात तो याच टेकडीवर पडला, प्रेत सापडलं नाही. तिचं घर नदीपलीकडे जपान्यांच्या ताब्यात आहे. पोराला शोधत इकडे आली ती इथेच राहिली.

आज दिवेलागणीला ती बांधावर उभी राहिली. बांबूवर त्याचा सदरा टांगलेला, हातात तांदळाची वाटी. आमच्याकडे पोर दचकून आजारी पडलं की आई अशीच उभी राहून त्याचा हरवलेला जीव परत बोलावते. घरातलं कोणीतरी तिच्या मागे उभं राहून त्याच्या वतीने "आलो" म्हणतं. ओ मिळाली की जीव त्या घरात शिरतो. म्हातारीच्या मागे कोणीच नव्हतं.

"युहो, घरी ये रे! अंधार पडला, घरी ये!"

किती वेळ हाका मारत होती. माझ्याच्याने ऐकवेना. नाव तर माझ्याकडेच होतं. मी खंदकातून ओरडलो, "आलो गं आई, आलो!"

ती वळली आणि हसली. पेंगने माझं मनगट घट्ट धरलं.

"गाढवा, ओ दिलीस? आता तो येणार कुठं? घर कुठाय त्याला? तूच की त्याचं घर आता."

मी थट्टेवारी नेलं. येऊ दे की, म्हटलं, माझ्यात भरपूर जागा आहे. पण जेवण काही गेलं नाही.

१० सप्टेंबर

म्हातारीने युहोसाठी शिवलेले कापडी जोडे मला आणून दिले. माझे पाय हे एवढे मोठे, गावात कोणाचेच जोडे मला होत नाहीत. हे मात्र अगदी मापाचे बसले.

आज वरच्या खंदकात पहिल्यांदाच गेलो. आडवी तुळई दिसायच्या आधीच मान खाली घातली. ती तिथे आहे हे मला ठाऊक होतं. पेंग म्हणतो, मी झोपेत नदीपलीकडच्या बोलीत बडबडतो. मला भीती वाटते. खोटं कशाला लिहू?

पेंगनेच उपाय काढलाय. संध्याकाळच्या हजेरीनंतर तो माझ्या कानाशी हाक मारणार, तान लियांगफू, घरी ये. आणि मी म्हणायचं, आलो. पहिल्यांदा केलं तेव्हा दोघांनाही हसू फुटलं. पण छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

१७ सप्टेंबर

सकाळपासून पलीकडून तोफा चालू आहेत. भात जळतंय. एक गोळा पाणचक्कीवर पडला. म्हातारी आत होती.

संध्याकाळी हजेरी. हवालदारांना नावं तोंडपाठ आहेत. त्यांनी शेन युहो म्हटलं, आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्या मागून कोणीतरी "हजर" म्हणालं. मागे नुसती मातीची भिंत. हवालदार पुढच्या नावावर गेले.

नंतर बांधावरून तिची हाक आली, रोजच्याच वेळी. पाणचक्कीच्या जागी धूर होता फक्त.

१८ सप्टेंबर

जपानी नदी उतरले. छातीभर पाण्यातून, बंदुका डोक्यावर धरून. आम्ही मारत होतो, ते येतच होते. डावीकडची पलटण संपली. मागे हटायचं नाही असा हुकूम आहे.

हजेरीनंतर पेंगने हाक मारली. मी ओ दिली नाही. मला ऐकूच आलं नाही. त्याने थोबाडीत दिली तेव्हा कुठे कळलं की हे माझं नाव आहे.

१९ सप्टेंबर

पेंग गेला. दुपारी ते खंदकात घुसले तेव्हा, संगिनीने. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन म्हटलं, एकदा हाक मार रे, एकदाच. त्याने ओठ हलवले —

आता माझं नाव कोणालाच माहीत नाही.

मीच हाक मारली, स्वतःला. ओ दुसऱ्याने दिली.

२० सप्टेंबर

आम्ही मूठभर उरलोय. तरी हजेरी झाली. प्रत्येक नावाला ओ आली, पेंगच्यासुद्धा. रिकाम्या खंदकातून. हवालदार रडत होते, पण थांबले नाहीत. थांबलो तर खंदक रिकामा समजून जपानी वर येतील, म्हणाले.

शेन युहो. हजर. मी बोललो नव्हतो —

जोडे पायातून निघत नाहीत. सुरीने कापायला गेलो तर पाय —

तारीख माहीत नाही

टेकडीच्या खाली जपानी. गोळ्या संपल्या. हवालदार कुठे आहेत —

हाक येतेय. म्हातारीची नाही. आमच्या दारातून, आमच्या बोलीत. लियांगफू, घरी ये रे. आई. माझी आई. मागे दादा उभा असेल ओ द्यायला. नको दादा, मीच देतो —

आवाज फुटत नाही. तोंड उघडतोय, आवाज —

कोणीतरी खंदकातून उठलं. माझा सदरा घातलेला. माझे एवढे मोठे पाय, अनवाणी. घराच्या वाटेला लागला.

"आलो गं आई, आलो!"

माझाच आवाज. ती हसली. इथवर ऐकू आलं मला.

आई, दार उघडू नकोस. तो मी नाही. मी इथे आहे, आई, मी तुझा लियां