तिसरी रात्र कुणाची

४ मार्च १९५७, सोमवार

हद्द झाली! विद्यापीठाचं आमंत्रण आलं. जाड, गुळगुळीत कागद. ‘प्रोफेसर ऑगस्टस टेनब्रुक : जीवन आणि कार्य.’ २३ तारखेपासून ग्रंथालयाच्या मोठ्या दालनात प्रदर्शन. आत छापलंय — अमेरिकेची पहिली नाटकं त्यांनी एकट्याच्या बळावर धुळीतून वर काढली. एकट्याच्या! मग एकोणतीस वर्षं शेजारच्या टेबलाशी कोण बसलं होतं? भूत?

तेही सोडलं असतं. पण पान तीन : ‘उसना नवरदेव’, १७९६, लेखक न्यायाधीश हॅलोवेल पिम. पुन्हा तेच! मूळ छापील प्रतीवर नावच नाही, फक्त ‘फिलाडेल्फियाच्या एका रहिवाशाने लिहिलेले’. त्या रहिवाशाच्या डोक्यावर न्यायाधीशाचा टोप चढवला तो प्रोफेसरांनी.

त्या नाटकात धुण्याच्या दिवसाचा प्रवेश आहे. खळ किती घट्ट, नीळ कधी घालायची, कॉलरला इस्त्री उलट्या बाजूने का. हे न्यायाधीश लिहील? मी तेव्हाच विचारलं होतं. म्हणाले, “मिस डोलन, न्यायाधीशांकडे मोलकरणी असतात.”

हो. आणि त्या मोलकरणी काय करतात ते न्यायाधीशांना ठाऊक नसतं!

५ मार्च

उद्यापासून ईस्टरआधीचा उपास, म्हणून विनीने डोनट तळले. मी चार खाल्ले, रागाने. विनी म्हणते, “अगाथा, ते जाऊन नऊ वर्षं झाली. मेलेल्या माणसाशी किती भांडशील?”

“तो उलट उत्तर देत नाही तोवर,” मी म्हटलं.

माझी धाकटी बहीण असून हिला आयुष्यात कशाचा राग येत नाही. नवरासुद्धा हिने शांतपणे पुरला.

६ मार्च

उपासाचा पहिला दिवस, चर्चमध्ये कपाळाला राख लावून घेतली आणि थेट ग्रंथालयात. १७९६ची वर्तमानपत्रं मागवली. काउंटरवरची मुलगी माझ्या कपाळाकडे बघून म्हणाली, “आजी, तुम्हाला काहीतरी लागलंय.” ही शिकलेली पिढी!

८ मार्च, शुक्रवार

नाटकाच्या जाहिराती मिळाल्या. सोमवार ८ फेब्रुवारी, पहिला खेळ. बुधवार १०. शुक्रवार १२. सोमवार १५. आणि १५च्या जाहिरातीत एक जादा ओळ — ‘तिकिटे मिसेस ऑर्डवे यांच्या बिऱ्हाडी मिळतील.’

टॅमसिन ऑर्डवे ही त्या मंडळीतली नटी. मोलकरणींची कामं करायची. ही ओळ प्रोफेसरांनाही ठाऊक होती. ते म्हणायचे, चौथा खेळ, नटीच्या मदतीचा. नटनट्यांसाठी असे खेळ होतच.

पण त्या काळची रीत अशी : नव्या नाटकाच्या तिसऱ्या रात्रीचं उत्पन्न लेखकाचं. पहिल्या दोन रात्री मालकाच्या, तिसरी लेखकाची. तिकिटंही त्याने आपल्या दारात विकायची. नाव छापायला लाजणारे लेखकसुद्धा तिसऱ्या रात्री दारात उभे राहायचे!

१५ तारीख तिसरी असती तर! पण मोजली तर चौथी पडते. तीनदा मोजली. जेवणात माशाचे वडे, गार झालेले.

११ मार्च

मिळालं! मिळालं! मिळालं!

शनिवार, १३ फेब्रुवारीचा अंक. चौथं पान, पळालेल्या घोड्याच्या आणि शिंपल्यांच्या जाहिरातींमध्ये चिमटलेल्या चार ओळी — शेगडीचं धुराडं कोसळून नाटकघरात धूर भरल्यामुळे काल शुक्रवारी खेळ होऊ शकला नाही, प्रेक्षकांनी क्षमा करावी.

म्हणजे १२चा खेळ झालाच नाही! म्हणजे १५ची रात्र तिसरी! म्हणजे टॅमसिन ऑर्डवे आपल्या दारात तिकिटं विकत बसली ती लेखिका म्हणून!

मी वाचनालयात मोठ्याने “हा!” म्हटलं. सगळ्यांनी माना वर केल्या. खुशाल करा.

घरी येऊन विनीला खुर्चीतून उठवून नाचवलं. एकाहत्तराव्या वर्षी! “गुडघा, माझा गुडघा!” ओरडत होती.

१२ मार्च

आनंद ओसरला, राग वर आला. प्रोफेसरांचा पहिला नियम : जाहिरात म्हणजे प्रयोग नव्हे. दुसऱ्या दिवशीचा अंक उघडायचा, खेळ झाल्याची खात्री करायची, मगच त्या खेळाच्या नोंदीच्या कार्डावर ‘झाला’ लिहायचं. मला शंभरदा ऐकवलं. आणि स्वतः? १७९६ची कार्डं मी यायच्या आधी त्यांनी स्वतः केलेली. पुढचं पान उलटायचा कंटाळा! त्या कंटाळ्यापायी एका बाईचं नाटक गेलं. मठाच्या शाळेत असते तर सिस्टर अल्फॉन्साने बोटांवर पट्टी मारली असती.

१४ मार्च

प्रदर्शन डॉ. थर्लो लावतोय. चाळीस वर्षांचा, बो-टाय, केसांना तेल. मी सगळं मांडलं. तो हसून म्हणाला, “मिस डोलन, तुमचं टायपिंग फार स्वच्छ असायचं, सगळे सांगतात.”

“आणि तुमची कानउघाडणी कुणी केलेली दिसत नाही,” मी म्हटलं. “बोटं पुढे करा.”

“काय?”

“मोजायला! आठ. दहा. बारा — धूर! मिटा ते बोट. आता पंधरा कितवी?”

माणूस बोटांकडे बघत राहिला. मग तो अंक ओढून घेतला, भिंगातून वाचला, पुन्हा वाचला. चेहरा लाल. “अरे देवा,” म्हणाला, “माझ्या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण पिमवर आहे.”

“मग ते प्रकरण गाळा, चांगला गाळीव न्यायाधीश होईल,” मी म्हटलं. प्रथमच खरं हसला. माणूस वाईट नाही.

१८ मार्च

थर्लोचा फोन. समितीने मान्य केलं! पिमचं नाव खाली, टॅमसिन ऑर्डवे वर! एकशे एकसष्ट वर्षांनी! काचेच्या पेटीखाली पाटी : ‘प्रोफेसर टेनब्रुक यांची चूक मिस अगाथा डोलन यांनी दुरुस्त केली.’

तीनदा वाचून घेतली त्याच्याकडून. चौथ्यांदा म्हणाला, “बाई, माझं फोनचं बिल!”

२० मार्च

नवी टोपी घेतली. निळी. उपासाच्या दिवसांत पाप असेल, पाद्रीबाबांना सांगेन — शनिवारनंतर.

विनी म्हणाली, “बिचारे प्रोफेसर. स्वतःच्याच प्रदर्शनात.”

“बिचारे? त्या बाईला कधी बिचारी म्हणालीस?”

तिने टोपीची किंमत विचारून विषय बदलला. बरं झालं.

२१ मार्च

थर्लोला आणखी एक सुचलंय. वर्तमानपत्राशेजारी प्रोफेसरांचं १२ फेब्रुवारीचं मूळ कार्डही ठेवायचं. लोकांना चूक डोळ्यांनी दिसू दे, म्हणतो. झकास! कार्डांच्या लाकडी कप्प्यांची चावी मला दिली. “तुमच्याइतकं कुणाला सापडणार?” उद्या सकाळी जाऊन काढते. त्यांचं ते आडवंतिडवं अक्षर, आणि खोटं ‘झाला’! माझा जीव निवेल.

२२ मार्च, शुक्रवार

कार्ड लगेच सापडलं. ‘शुक्र. १२ फेब्रु. — खेळ झाला.’ खाली तपासणाऱ्याची आद्याक्षरं : अ. डो. तारीख डिसेंबर १९१९. माझा पहिला हिवाळा. आठवून आठवून बघितलं, काहीच आठवत नाही. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, एवढंच.

खिशात घालता आलं असतं. थर्लोला फोन केला. म्हटलं, पाटीवर एक नाव बदलायचंय.

“दुरुस्ती करणाऱ्याचं?” त्याने विचारलं.

म्हटलं, नाही. चुकणाऱ्याचं.