डाळिंबाने धुतलेला धूर

४ नोव्हेंबर
चालताना पोटरी आवळते म्हणून दवाखान्यात गेलो. समोर डॉक्टर कोण, तर मृत्युंजय! नववीत मी विज्ञानात नापास केलेलं कार्टं. म्हणे, सर, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात, धुराने आतलं अस्तर खराब होतं. सिगारेट सोडा, रोज चाला, गोळ्या घ्या, नाहीतर पाय जाईल. तीस वर्षं विज्ञान शिकवतोय मी! घरी येऊन त्याचा कागद लाल पेनाने तपासला. दहापैकी दोन.

५ नोव्हेंबर
मोबाइलवर अर्धा तास सखोल अभ्यास. गुन्हेगार सापडला. फ्री रॅडिकल. प्राणवायूचेच डोकं फिरलेले कण, वाहिन्यांचं अस्तर कुरतडतात. धुरातून येतात, कबूल. पण डाळिंबात त्यांचा वैरी असतो, अँटिऑक्सिडंट. संकल्प: दर सिगारेटमागे अर्धं डाळिंब. सांगोल्याच्या डाळिंबांची पेटी आणली. सिगारेट सोडायचं कारणच उरलं नाही.

९ नोव्हेंबर, सकाळी ७
महत्त्वाचा शोध! व्यायामाने श्वास वाढतो, म्हणजे प्राणवायू जास्त, म्हणजे फ्री रॅडिकल जास्त. आणि हा गाढव मला चालायला लावतो! नापास केल्याचा सूड उगवतोय. चालणं बंद. शाळेत रिक्षाने.

१७ नोव्हेंबर
शिपाई रावजी सगळ्यांदेखत म्हणाला, "सर, लई लंगडताय की." आगाऊ माणूस. मुख्याध्यापकांकडे तक्रार केली. गोळ्या घ्या म्हणून बायकोची, इंद्रायणीची, भुणभुण चालूच. तीही डॉक्टरला सामील.

२ डिसेंबर
डाव्या पायाचा अंगठा काळानिळा. ठणकतोय. बूट चावला असणार. बूट इंद्रायणीनेच पसंत केले होते. डाळिंबं दुप्पट केली. ओघाने सिगारेटीही.

६ डिसेंबर
अंगठ्याला वास येतोय. इंद्रायणी रडली. तिच्यावर खेकसलो. मला भीती वाटतेय, पण ती दवाखान्याची.

११ डिसेंबर, दुपारी ४
वॉर्ड. परवा अंगठा कापला. वाहिनी मोकळी केली म्हणून पाय थोडक्यात वाचला. आज मृत्युंजय शिकाऊ डॉक्टरांना घेऊन आला. चादर बाजूला करून माझा पाय दाखवला. म्हणाला, फळं खाऊन धूर धुतला जात नाही. आणि रोज चाललं की त्या कणांशी लढायची शरीराची स्वतःची ताकद वाढते. एका पोरीने विचारलं, पेशंटला हे कुणी सांगितलं नव्हतं का?
मृत्युंजय म्हणाला, माझंच चुकलं, मी नीट समजावून सांगितलं नाही.
त्याने नीट सांगितलं होतं. मी चादर पायावर ओढून घेतली.